सोडणारे, टिकणारे आणि अडकलेले

दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या आठवड्यात मी हजेरी जरा सावकाश घेते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कॉलेज सोडून जाणारी मुलं वर्ग चालू असताना सहसा सोडत नाहीत. ती घरी जातात आणि मग परत यायचं त्यांच्या जिवावर येतं. बाकीची बॅच फराळाचे डबे घेऊन हॉस्टेलवर परतलेली असते आणि दोन-तीन रोल नंबरांना उत्तर येत नाही. काही दिवसांनी एखादी आई भेटायला येते. "मॅडम, ती म्हणते मला नाही जमणार. नीटला एवढे मार्क होते हो तिला. एकाएकी काय झालं?"

यात एकाएकी काहीच झालेलं नसतं. आईला ते आज कळलं, एवढंच. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, वैद्य व्हायला आलेली मुलं अभ्यासक्रम का सोडतात आणि बहुतेक जण का सोडत नाहीत, हे घराघरांत समजायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक आकडा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत देशभरात १,२७० विद्यार्थ्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडलं. त्यांत एमबीबीएसचे फक्त १५३ आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे १,११७. एमबीबीएसच्या जागा पदव्युत्तर जागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे लक्षात घेतलं तर १५३ हा आकडा जवळजवळ शून्यच म्हणायचा. म्हणजे एमबीबीएसची मुलं सुखात आहेत का? आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये मानसिक आरोग्याविषयीचा अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या साडेपंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं असल्याचं सांगितलं. पाहणी ऐच्छिक होती, त्यामुळे त्रासात असलेल्यांनी जास्त उत्साहाने उत्तरं दिली असतील, हे मान्य. तरी सोडणारे दीडशे आणि त्रासात असलेले हजारो, ही दरी डोळ्यांत भरते.

म्हणून मी मुलांचे दोन गट करत नाही, तीन करते: सोडणारे, टिकणारे आणि अडकलेले. हजेरीच्या यादीत यांतले शेवटचे दोघे सारखेच दिसतात.

आता सोडण्याचा निर्णय आतून कसा घडतो ते पाहू. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये याविषयी एक सिद्धान्त मांडला. आजही या विषयावर बोलणारा कुणीही तिथूनच सुरुवात करतो. त्याचं म्हणणं आपल्या एका शब्दात बसतं: रुळणं. नव्या सुनेबद्दल आपण विचारतो ना, "रुळली का घरात?", तेच. विद्यार्थ्याला दोन ठिकाणी रुळावं लागतं. एक अभ्यासात, म्हणजे आपल्याला हे जमतंय, आपली प्रगती होतेय असं वाटणं. दुसरं माणसांत, म्हणजे मित्र, शिक्षक, हॉस्टेल. एक धागा सैल झाला तर दुसरा सांभाळून घेतो. नापास झालेला मुलगा मित्रांच्या जिवावर तग धरतो, एकटी मुलगी अभ्यासाच्या गोडीवर. दोन्ही सैल झाले की बाहेरचं छोटंसं कारणही पुरतं. मेसचं बिल, ताप, घरातलं लग्न.

टिंटोच्या मूळ मांडणीत एक गृहीत होतं की नव्या जागी रुळायचं तर जुन्या माणसांपासून थोडं सुटावं लागतं. पुढे अमेरिकेतल्याच कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांचा विचार करणाऱ्यांनी यावर बोट ठेवलं. या मुलांना घर, नातलग, आपला समाजच तर धरून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. टिंटोनेही नंतर आपली मांडणी बदलली. मला हा आक्षेप शंभर टक्के पटतो. रोज रात्री गावी फोन करणारी मुलगी कमकुवत असते असं मानणाऱ्या वॉर्डनना मी हेच सांगते.

पण आरोग्यशिक्षणातल्या मुलांना आणखी एका ठिकाणी रुळावं लागतं, आणि तिथे इंजिनिअरिंग-कॉमर्सचे हिशेब चालत नाहीत. त्यांना शरीराशी रुळावं लागतं. मृतदेह, रक्त, पू, परक्या माणसाची नग्नता, मरण. वय असतं अठरा.

पहिल्या वर्षावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं. लातूर पॅटर्नमधून किंवा तसल्याच एखाद्या क्लासमधून आलेली मुलगी घ्या. दोन वर्षं, ड्रॉप घेतला असेल तर तीन, तिने चार पर्यायांतून एक निवडायचा सराव केलेला असतो. नीट म्हणजे १८० प्रश्न, ७२० गुण आणि ओएमआर शीट. तोंडाने एक वाक्य बोलायचं नाही, हाताने एक परिच्छेद लिहायचा नाही. २०१७ पासून नीट मराठीतूनही देता येते. मग ती आमच्याकडे येते आणि पहिल्याच इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, तिला इंग्रजीत दीर्घोत्तरी प्रश्न लिहायचे असतात आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसून इंग्रजीत बोलायचं असतं. मी विचारते, मूत्रपिंडात गाळणं कसं होतं? ती गप्प. मी म्हणते, मराठीत सांग. मग ती घडाघडा सांगते. दाब कुठे वाढतो, काय गाळलं जातं, काय परत शोषलं जातं, सगळं बरोबर. ज्ञान आहे, पण ते बाहेर काढायची भाषा नाही. आणि परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, ते "मराठीत सांग" म्हणतीलच असं नाही.

मध्य प्रदेशने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तकं आणली. मराठीतही तसं व्हावं का, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझी मागणी साधी आहे. पहिले सहा महिने शिकवणं दोन्ही भाषांतून व्हावं, आणि व्हायवा कशी द्यायची हे वेगळं शिकवावं. एवढ्याने माझ्या वर्गातले कित्येक मार्गी लागले आहेत.

भाषेच्या जोडीला येते लाज. ही मुलं आयुष्यभर पहिल्या पाचात आलेली असतात. दीडशे-दोनशे हुशार मुलं एका वर्गात बसवली की कुणीतरी एकशेचाळिसावं येणारच. त्या मुलाला हे गणित कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, आपली लायकीच नव्हती. पुढची साखळी मी इतक्यांदा पाहिली आहे की डोळे मिटून सांगू शकते. इंटर्नलला कमी गुण, म्हणून सरांना टाळणं. टाळायचं म्हणून प्रॅक्टिकलला दांडी. जर्नलवर सही राहते, ती मागायला जायची भीती. हजेरी लेक्चरला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, ती घसरते. परीक्षेला बसू देत नाहीत, बसला तर नापास. बॅच सुटते. आता जे ज्युनिअर त्याला काल सर म्हणत होते, त्यांच्या बाकावर तो बसतो. टिंटोचे दोन्ही धागे एकाच दिवशी तुटलेले असतात. २०२३ च्या नियमांनुसार पहिलं वर्ष पार करायला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, आणि हा चौथा प्रयत्न डोक्यावर टांगलेला असताना अभ्यास करणं काय असतं, हे त्या मुलांचे हात पाहिले की कळतं. व्हायवाला ते थरथरत असतात.

या साखळीत अनेक कड्या आहेत आणि सगळ्यात स्वस्तात तुटणारी कडी दुसरी आहे: टाळणं. कमी गुण मिळालेल्या मुलाला त्याच आठवड्यात कुणी बोलावून घेतलं, तर पुढचं बरंचसं घडतच नाही.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण धैर्याची म्हणून सांगतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना ती वेगळ्या अंगाने सांगते. १८८३ मध्ये अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाते. थंडी सोसत नाही, जेवणाची अडचण, सततचं आजारपण, नवरा हजारो मैल दूर. आजच्या भाषेत, सोडून जाण्याची सगळी कारणं तिच्याकडे होती. तरी ११ मार्च १८८६ ला ती पदवी घेते. धैर्य होतंच, पण धैर्याला जागोजागी माणसं टेकू देत होती. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणायची. त्यांच्याशी पत्रव्यवहार अमेरिकेला जाण्याच्या कितीतरी आधीपासून होता आणि उतरल्यावर पहिले महिने ती त्यांच्याच घरी राहिली. कॉलेजच्या डीन रॅचेल बॉडली यांनी तिच्यावर जातीने लक्ष ठेवलं, कॉलेजने पैशांची मदत केली. जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली या दोघीही तिथेच शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चं त्या तिघींचं आपापल्या देशाच्या पोशाखातलं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. मला त्यात तीन परक्या मुलींना मिळालेली एकमेकींची सोबत दिसते. पुढे तिघीही पदवीधर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. शरीराने साथ सोडली, शिक्षण त्यांनी सोडलं नव्हतं.

आता वॉर्डकडे येते, आणि इथे डॉक्टरांपेक्षा नर्सिंगच्या मुलांविषयी बोलायला हवं. बीएस्सी नर्सिंग असो वा जीएनएम ही नर्सिंगची पदविका, ही मुलं पहिल्या वर्षापासूनच वॉर्डात असतात. युनिफॉर्म घालून सकाळी उभी राहतात तेव्हा बेड करणं, स्पंजिंग, बेडपॅन, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. कामाला हात म्हणून त्यांना धरलं जातं आणि शिकवायच्या वेळी कुणी रिकामं नसतं. नाव विचारणारंही सहसा कुणी नसतं. "ए स्टुडंट, इकडे ये." दर दोन-चार आठवड्यांनी पोस्टिंग बदलतं आणि हेच पुन्हा नव्या वॉर्डात.

ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी नेमकं यावरच बोलून अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष माझ्या शब्दांत असा: वॉर्डातल्या कायम सिस्टर विद्यार्थ्याशी कशा वागतात, यावर त्याला "मी इथला आहे" असं वाटणं अवलंबून असतं, आणि तसं वाटल्याशिवाय शिकणं नीट होत नाही. कारण सरळ आहे. कुणी ओरडेल का, कुठे उभं राहू, कुणाला विचारू, यातच मुलाची सारी शक्ती गेली तर औषधाची मात्रा कोणत्या डोक्याने समजून घेणार? एका इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्या दिवशी "तुझं नाव काय, गाव कुठलं, चहा घेतलास का" एवढं विचारलं तरी पोस्टिंग बदलून जातं. हे भाबडं वाटेल. मी ते घडताना पाहिलं आहे.

आणि पहिला मृत्यू. काल ज्या आजोबांना या नर्सिंगच्या मुलीने भरवलं, त्यांचा पलंग आज रिकामा असतो. कधी तर शेवटची तयारी करायला हिलाच हाक येते. डोळे मिटवणं, हातपाय सरळ करणं, चादर. दुपारी दोनला ती लेक्चरला बसते आणि दिवसभर यावर कुणी एक शब्द बोलत नाही. घरी सांगावं तर आई म्हणणार, "म्हणूनच सांगत होते, हे काम नको." म्हणून ती घरीही सांगत नाही. मला विचाराल तर अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोठा खड्डा आहे. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी मृतदेहासमोर शपथ घ्यायची चांगली प्रथा आता रुळली आहे. पहिल्या मृत्यूनंतर मात्र शेजारी बसणारं कुणीच नसतं. ज्यांना तसं कुणी मिळतं, ती मुलं पुढे सांगतात की त्याच दिवशी या कामावर त्यांचा जीव जडला. एकच घटना एकीला बाहेर ढकलते आणि दुसरीला कायमची बांधून ठेवते. फरक घटनेनंतरच्या अर्ध्या तासात असतो.

नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी इथे अजून एक गळती आहे. पुष्कळ मुलं "मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून" आलेली असतात. वह्या आयुर्वेदाच्या आणि खाली मोबाइलवर नीटची टेस्ट सिरीज. काही जण वर्षभरात खरंच सोडून जातात. सांगायचं ते हे, की दुसऱ्या पसंतीने आलेला मुलगा सोडेलच असं मुळीच नाही. चांगला शिक्षक, चांगला वॉर्ड, एखादा रुग्ण जो "बाळ, तुझ्या हाताने बरं वाटलं" म्हणतो, आणि पसंतीक्रम बदलतो. अशी बरीच उत्तम नर्स मंडळी मला ठाऊक आहेत.

पैशाबद्दल थोडक्यात. इंग्लंडने २०१७ मध्ये नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांचं विद्यावेतन बंद करून कर्ज दिलं. अर्ज घटले, आणि सप्टेंबर २०२० पासून सरकारला वर्षाला किमान ५,००० पौंडांचं परत न करायचं अनुदान सुरू करावं लागलं. फी हा पैशाच्या प्रश्नाचा एक भाग झाला. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. फार चांगलं झालं. पण मेस, खोली, बसभाडं, युनिफॉर्म, पुस्तकं यांना माफी नसते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती सत्र उलटून गेल्यावर येते आणि मेसवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला उभा असतो. मधल्या त्या काही महिन्यांत मुलगी गावी जाते, "पैसे आले की येते" म्हणून, आणि हजेरी तिथेच घसरते.

सोडणाऱ्यांत पदव्युत्तर मुलं १,११७ का, हे आता कळायला अवघड नाही. ती आधीच डॉक्टर असतात, सोडलं तरी हातात पदवी असते. जेआर वनचं, म्हणजे ज्युनिअर निवासी डॉक्टरचं, पहिलं वर्ष म्हणजे वॉर्ड, ओपीडी, इमर्जन्सी आणि सिनिअरची बोलणी. २०२४ च्या त्याच अहवालाने निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या वर नसावं आणि आठवड्याची एक सुट्टी मिळावी असं सुचवलं. हे सुचवावं लागतं यातच आजची स्थिती कळते. त्यात शाखा आवडीची नसेल, गुणांमुळे पदरात पडलेली असेल, तर रात्री तीनला उठायला बळ कुठून आणायचं?

आणि जात. हा विषय टाळून हा लेख लिहिणं खोटेपणा होईल. प्रवेश झाल्याच्या पहिल्या आठवड्यात "रँक काय?" हा प्रश्न येतो. रँकवरून प्रवर्ग काढला जातो आणि मग चहाच्या टेबलावरच्या जागा ठरतात. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, आणि तिची आई त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. रुळणं ही एकट्या विद्यार्थ्याची जबाबदारी नाही, हे मला त्या बातमीने कायमचं शिकवलं. जागा करून देणाऱ्यांनी जागा दिली तरच कुणी रुळतं.

अडकलेल्यांविषयी राहिलं. अनेक राज्यांत जागा मध्येच सोडली तर लाखोंचा दंड भरावा लागत असे, काही ठिकाणी अजूनही लागतो. ते भरायला घरी जमीन विकावी लागेल या विचाराने मुलं रोज सकाळी उठून वॉर्डात जातात. जानेवारी २०२४ मध्ये वैद्यक आयोगाने राज्यांना पत्र लिहून हा दंड रद्द करावा आणि त्याऐवजी फार तर एक वर्ष प्रवेशबंदी ठेवावी असं सांगितलं. दंडामुळे सोडणाऱ्यांचा आकडा खाली राहतो, त्रास तेवढाच राहतो. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षात सोडून गेला. आज तो संख्याशास्त्र शिकवतो आणि समाधानी आहे. त्याने सोडलं ते विचार करून, आई-वडिलांशी बोलून, रागाच्या भरात नाही. असं सोडणाऱ्याला मी कधी अडवलं नाही.

तेव्हा तुमच्या घरी दिवाळीत कुणी म्हणालं, "मला परत जायचं नाही," तर त्याला लगेच धीराचे चार शब्द ऐकवू नका, आणि "लोक काय म्हणतील" तर नकोच. आधी नेमकं काय नकोसं झालंय ते शोधा. एखादा विषय, वॉर्डातली एखादी व्यक्ती, रूममेट, पैसे, की हे कामच? पहिल्या चारांवर उपाय असतात आणि ते कॉलेजात मेंटर, विभागप्रमुख किंवा रॅगिंगविरोधी समितीकडे मागता येतात. पाचव्यासाठी वेळ द्यावा लागतो. झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, जगणंच नको अशी भाषा येत असेल, तर कॉलेजचा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आमच्या विभागात पहिली इंटर्नल झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला दहा मिनिटं भेटायचं असं आम्ही ठरवलं आहे. गुणांचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. मग मी विचारते, "मेसमध्ये कुणाबरोबर जेवतेस?" बहुतेक जणी तीन-चार नावं भराभर सांगतात. एखादी थांबते, खिडकीकडे बघते आणि म्हणते, "मी डबा रूमवर नेते, मॅडम." त्या मुलीचा रोल नंबर मी वहीत लिहून ठेवते. पुढच्या सोमवारी प्रॅक्टिकलच्या बॅच नव्याने लावताना तिला तिच्या जिल्ह्यातल्या, मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलीच्या टेबलावर बसवते, आणि दिवाळीनंतरच्या हजेरीला तिचा नंबर जरा थांबून, मोठ्याने घेते.